खोल समुद्रातल्या कवचधारी प्राण्याची जात नवी आहे, हे फक्त डीएनएवरून ठरतं का? (जळगावहून विचारलेला प्रश्न)

नाही, शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासतात, आणि नाव द्यायला एक जपून ठेवलेला नमुना (होलोटाइप) लागतोच. मी धुळ्याला प्राणीशास्त्र शिकवतो, त्यातलं माहीत आहे ते सांगतो.

आइसलँडभोवतीच्या समुद्रात तळावरून जाळीची घसरगाडी ओढतात. वर आलेला गाळ थंड पाण्यात हलक्या हातानं चाळतात आणि नमुने लगेच थंड अल्कोहोलमध्ये टाकतात, कारण उशीर झाला की डीएनए तुटतो. पुढचं काम खरं चिवट. काही मिलिमीटरच्या ॲम्फिपॉडचे (झिंग्यांच्या नात्यातला छोटा कवचधारी प्राणी) जबडे, पाय, शेपटीचं टोक सुईनं सुटं करायचं, ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर ठेवायचं, एकेक केस मोजत चित्र काढायचं. मग जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं. नॉर्वेच्या जी. ओ. सार्स यांची एकोणिसाव्या शतकातली चित्रं त्यासाठी आजही उघडली जातात, इतकी ती नेमकी आहेत!

डीएनएमुळे मोठा फरक पडतो तो असा: १८२२ मध्ये वर्णन झालेली युरिथीनिस ग्रिलस (हाही खोल समुद्रातला ॲम्फिपॉड) ही जगभर पसरलेली एकच जात मानत. २०१३ च्या जनुकीय अभ्यासात त्या नावाखाली अनेक वेगळ्या जाती दडलेल्या निघाल्या.

मात्र एकच नमुना, तोही पिल्लू असेल तर घाई करू नये. वय आणि लिंगानुसार अवयव बदलतात. जुन्या फॉर्मेलिनमधल्या नमुन्यातून डीएनए काढणंही अवघड जातं.

तुम्हाला हात बसवायचा असेल तर तापीतल्या झिंग्यांपासून सुरुवात करा: कपाळावर पुढे आलेल्या करवतीसारख्या काट्याला वर किती दात, खाली किती, ते भिंगाखाली मोजा.