जुनं पेजमेकर कधी काढायचं?

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. जुन्या दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या फाइल्स पेजमेकर ७ (पानांची मांडणी करायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये, 'श्री-लिपी' व 'सुरेख' फाँटमध्ये आहेत. नव्या संगणकावर त्याच कामाच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची चालू आवृत्ती घेतली आहे. जुना संगणक मोडीत काढावा का? – वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. पेजमेकरच्या फाइल्स इनडिझाइनमध्ये थेट उघडायच्या त्या सीएस६ या जुन्या आवृत्तीपर्यंतच. पुढच्या सीसी आवृत्त्यांत ही सोय नाही. तुमच्याकडे सीएस६ नसेल, तर जुनं पेजमेकर हाच त्या फाइल्सचा दरवाजा आहे.

त्याहून नाजूक भाग फाँटचा. या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट हरवला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. म्हणून सर्वांत आधी जुन्या मशीनच्या 'फाँट्स' फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. चित्रं फाइलला फक्त लिंकने जोडलेली असतील, तर त्यांचा फोल्डरही सोबत हवा.

मग प्रत्येक पुस्तकाची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढा. जसंच्या तसं पुनर्मुद्रण करायला ती पुरते. दुरुस्ती करायची असेल तर उपयोगाची नाही, कारण पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर तसाच रोमन निघतो.

दुरुस्तीसाठी मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) न्यावा लागतो. त्यासाठी तो आधी पेजमेकरमधून बाहेर काढायचा आणि मग कन्व्हर्टरने, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, बदलायचा. पेजमेकरमध्ये टेक्स्ट टूलने मजकुरात क्लिक करा, 'फाइल – एक्स्पोर्ट – टेक्स्ट' वर जा आणि आरटीएफ (फाँटची नावं जपणारा फाइलप्रकार) निवडा. साधी टेक्स्ट फाइल नको. तिच्यात फाँटची नावं राहत नाहीत, त्यामुळे मधले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो. प्रत्येक स्टोरी (सलग जोडलेला मजकूर) वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही. कन्व्हर्टर त्या त्या फाँटचाच हवा. 'सुरेख'चा 'श्री-लिपी'ला चालत नाही.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. आधी 'कार्यकर्त्यांनी', 'स्थिती', 'दुसऱ्या', 'ऱ्हास' हे शब्द तपासा. ते नीट उतरले तरच पुढचं पान घ्या. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागत असेल, तर त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर बसत नाही. जुना संगणक ठेवायचं हे आणखी एक कारण. त्याचं इंटरनेट मात्र काढून टाका. सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि युनिकोड प्रती तपासून झाल्या, की मगच तो काढा.

प्रश्न : विंडोज ११ टाकल्यावर सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' नावाचं मोठं फोल्डर दिसतं. ते डिलीट होत नाही. – वाचक, नाशिक

उत्तर : हाताने काढू नका, परवानग्यांपाशी अडतं. 'सेटिंग्ज – सिस्टिम – स्टोरेज – टेम्पररी फाइल्स' मध्ये जाऊन मागील विंडोज इन्स्टॉलेशनवर खूण करा आणि काढा. मात्र त्यानंतर विंडोज १० वर परत जाता येत नाही. परतीची मुदत एरवीही १० दिवसांचीच असते. तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर, टॅली जे रोज लागतं ते चालवून पाहा. ड्राइव्ह फॉरमॅट न करता नव्याने विंडोज टाकलं असेल, तर तुमची कागदपत्रं त्याच फोल्डरच्या 'यूजर्स' मध्ये आणि जुने फाँट आतल्या 'विंडोज – फाँट्स' मध्ये असतात. आधी ते बाहेर काढा.