तुमचे प्रश्न: ढोलकीचे कट भलतीकडेच पडतायत

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्या ढोलकीवाल्या काकांची साडेतीन मिनिटांची ढोलकी रेकॉर्ड केलीय, एक माइक शाईला (बारीक आवाजाची बाजू) एक धूमला (घुमणारी बाजू). क्लिक लावली नव्हती कारण काकांना कानात टकटक नको असते. आता रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ९६ टेम्पो, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा, टाकून ग्रिडवर कापायला गेलो तर सुरुवातीला बरोबर आणि नंतर प्रत्येक कट थापेच्या मधोमध. डायनॅमिक स्प्लिट केलं तर ढीगभर बारीक तुकडे झाले. नक्की कसं कापायचं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: नमस्कार. काकांना क्लिक दिली नाही ते बरंच केलंत, त्या वादनातला जिवंतपणा वाचला. आता तुम्ही ज्या दोन गोष्टी करून बघितल्या त्या मुळात वेगळ्या आहेत. ग्रिडवर कापणं म्हणजे घड्याळाप्रमाणे कापणं, सॉफ्टवेअर आवाज ऐकतच नाही, ९६ म्हटलं की दर ०.६२५ सेकंदाला सुरी चालवतं. काकांची लय खरंतर ९६.५ असेल तर मिनिटाला अर्धी मात्रा सरकते, म्हणजे दोन मिनिटांनी तुम्ही अख्खी एक मात्रा चुकलात, आणि माणूस वाजवतो तेव्हा लय थोडी चढते-उतरते ते वेगळंच. डायनॅमिक स्प्लिट मात्र ऐकून कापतं, आवाज जिथे एकदम उसळतो तिथे कट.

म्हणून आधी ग्रिडला काकांच्या मागे चालवा, उलटं करू नका. क्लिपचा टाइमबेस (क्लिप कशाला बांधलेली राहील ती सेटिंग) 'टाइम' करून घ्या, हे विसरलात तर टेम्पो बदलला की ढोलकी पण ताणली जाईल. मग दर दोन-चार आवर्तनं, समेपासून समेपर्यंत, सिलेक्ट करा (टॅब दाबलं की कर्सर पुढच्या थापेवर जातो) आणि इन्सर्ट मेनूत टाइम सिलेक्शनवरून मेजर (ग्रिडवरचं आवर्तन) बनवायचा पर्याय आहे तो वापरा. कंटाळवाणं काम आहे पण एकदा झालं की नंतर हार्मोनियम, बेस काहीही लावा, काकांच्या लयीतच बसतं.

आता कापणं. दोन्ही ट्रॅकच्या क्लिप सिलेक्ट करून 'G' दाबून ग्रुप करा, आणि कुठे कापायचं ते शाईच्या ट्रॅकवरून ठरवा, धूमवरून नको. शाईच्या बाजूचा 'ना' टोकदार असतो, वेव्हफॉर्ममध्ये भिंतीसारखा उभा दिसतो, तो सॉफ्टवेअरला लगेच सापडतो. धूमचा घुमारा हळू फुगतो आणि सूर वर चढवत जातो, त्यात सॉफ्टवेअरला एकाच थापेत दोन-तीन थापा दिसतात. तुमचे जे बारीक तुकडे झाले त्यातले बरेचसे इथलेच असणार असं मला वाटतं. डायनॅमिक स्प्लिटची सेन्सिटिव्हिटी कमी करत जा, मुख्य थापा तेवढ्या राहिल्या की थांबा. 'तिरकिट' सारख्या जागा अजिबात कापू नका, तो बोल एका तुकड्यातच राहू द्या, आणि राहिलेला एखादा कट हाताने, कर्सर ठेवून 'S' दाबला की झालं.

दोन्ही ट्रॅक एकत्रच कापायचे आणि एकत्रच सरकवायचे, यावर मी अडून बसतो. आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे एकच ट्रॅक एक मिलीसेकंद सरकवलात तर तो माइक फूटभर हलवल्यासारखं होतं, आणि दोन्ही माइकमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज थोडाथोडा असतोच त्यामुळे फेज (दोन माइकच्या लहरींचा मेळ) बिघडून ढोलकी पोकळ वाटायला लागते. मग लोक इक्यूशी झगडत बसतात.

कट थापेवर नको, किंचित आधी हवा, नाहीतर बोटाचा पहिला स्पर्शच कापला जातो. सगळे तुकडे सिलेक्ट करून डाव्या कडा ५ मिलीसेकंद मागे घ्या आणि छोटा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढणं) राहू द्या, जोडावर टिकटिक येणार नाही. आणि खरंच चुकलेली थाप असेल तेवढीच सरकवा हो, सगळ्या ग्रिडला चिकटवल्या तर काकांना बोलवायची गरजच काय होती.

प्रश्न: हलगीच्या लूपचे तुकडे करून कीबोर्डवर वाजवायचेत, एबलटन सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. होईल का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: होईल की. क्लिपवर राइट क्लिक, स्लाइस टू न्यू मिडी ट्रॅक, ट्रान्झियंट (आवाज उसळतो त्या जागा) निवडा. तुकडे जास्तीत जास्त १२८ होतात कारण मिडीत (कीबोर्डचे सूर सॉफ्टवेअरला कळवायची भाषा) सूरच तेवढे, म्हणून पूर्ण गाणं न देता दोन-चार मेजरचा लूपच द्या. हलगी कडक वाजते त्यामुळे कट चांगले पडतात, फक्त आधी ट्रान्झियंट मार्कर एकदा नजरेखालून घाला आणि काडीची हलकी टिचकी मार्करशिवाय राहिली असेल तर तिथे स्वतः एक टाका.