ग्रेहाऊंडमधला 'ग्रे' करडा नाही हो!

प्रश्न असा आलाय: 'कर्, टाइक, बॅनडॉग, टर्नस्पिट हे कुत्र्यांसाठीचे जुने इंग्रजी शब्द कुठून आले? आणि ग्रेहाऊंडला मराठीत करडा शिकारी कुत्रा म्हटलं तर चालेल का?'

नाही चालणार. हे 'करडा कुत्रा' प्रकरण मी इतक्या वेळा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. अहो, ग्रेहाऊंड काळा असतो, पांढरा असतो, बदामी असतो, पट्ट्यापट्ट्यांचा असतो. जुन्या इंग्रजीत शब्द होता ग्रीगहुंड, आणि त्याचा भाऊ जुन्या नॉर्समधला (ही स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ग्रेहुंड्र, तिथे ग्रे म्हणजे कुत्री, मादी. रंगाचा ग्रे वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे ग्रेहाऊंड हा अक्षरशः 'कुत्री-कुत्रा' झाला, आपल्या पावरोटीसारखा.

यावर कुणीतरी डॉक्टर जॉन कीज यांचं नाव पुढे करणार (स्पेलिंग कायस असलं तरी उच्चार कीजच), म्हणून आधीच सांगते. हे गृहस्थ इंग्लंडच्या राजघराण्याचे वैद्य, केंब्रिजचं एक कॉलेज आजही त्यांच्या नावाने चालतं, आणि 1570 साली त्यांनी ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की ग्रे म्हणजे 'ग्रॅडस', दर्जा, कारण हा कुत्रा सगळ्यांत वरच्या दर्जाचा. वा! माणूस विद्वान खरा, पण व्युत्पत्ती म्हणजे पेशंटची नाडी नव्हे की हात लावला आणि कळलं.

बाकीचे पटकन उरकते. कर् (सरकारला भरायचा तो नव्हे) बहुतेक गुरगुरण्याच्या नॉर्स शब्दावरून. शेपूट छाटलेला म्हणजे 'कर्टेल', त्याचं झालं कर्, ही गोष्ट नुसती रंगवलेली आहे, सोडून द्या. टाइकसुद्धा नॉर्सच, मूळ अर्थ परत कुत्री. बॅनडॉग म्हणजे बांधून ठेवलेला राखणीचा कुत्रा, त्यात गूढ काही नाही.

खरी मजा आहे ती हाऊंडमध्ये, आणि ते कुणी विचारलेलंच नाही! एकेकाळी इंग्रजीत कुठल्याही कुत्र्याला हुंडच म्हणत. डॉग हा उपरा. जुन्या इंग्रजीच्या अगदी शेवटी शेवटी 'डॉक्गा' असा चुकूनमाकून दिसतो, पिग, फ्रॉग, स्टॅग यांच्याच पंगतीतला, आणि आईबाप कोण ते कुणालाच माहीत नाही. सोळाव्या शतकापर्यंत त्याने अख्खं घर बळकावलं आणि हाऊंड शिकारीपुरता उरला. आता हाऊंडचं कूळ बघा. इंग्रजी शब्दातला सुरुवातीचा 'ह' पुष्कळदा संस्कृतात 'श' असतो: हंड्रेड–शत, हॉर्न–शृंग, तसाच हाऊंड–श्वन्. शेवटचा 'ड' मागाहून चिकटलेला. आणि श्वन्‌ची षष्ठी काय? शुनः. त्या शुन-वरूनच जुन्या मराठीतलं सुणें. गोव्यात आजही कोंकणीत कुत्र्याला सुणेंच म्हणतात. म्हणजे पणजीच्या गल्लीतलं सुणें आणि कुठल्या लॉर्डसाहेबाचा हाऊंड एकाच घरातले!

आपल्याकडेही अगदी तेच झालंय. सुणें मागे पडलं आणि 'कुत्रा' सगळीकडे बसला, त्याचंही मूळ कुणाला धड सांगता येत नाही. संस्कृत श्वान उरला तो मानापुरता. पोलिसांचं श्वानपथक असतं, फ्लॅटमध्ये लॅब्रॉडॉर पाळणारे श्वानप्रेमी असतात, पण रस्त्यावरची मात्र भटकी कुत्रीच. भटके श्वान कुणी म्हणतं का?

माझी एक लाडकी शंका आहे, हसायचं तर हसा. सह्याद्रीतल्या रानकुत्र्याला आपण कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतो. 1831 मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या प्राण्यांच्या यादीत या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं 'कॅनिस दखुनेन्सिस' आणि शेजारी मराठ्यांचा शब्द म्हणून 'कोलसून' नोंदवला. मला वाटतं त्यातलं 'सून' म्हणजे हेच आपलं सुणें, रानात पळून गेल्यामुळे वाचलेलं. कोळशाच्या रंगावरून नाव पडलं म्हणणाऱ्यांनी एकदा तो प्राणी बघून यावं, चांगला विटकरी तांबूस असतो, कोळसा कुठला! पहिल्या 'कोळ'चं काय ते मला विचारू नका, माझं भांडण 'सून'पुरतंच.

अरे हो, टर्नस्पिट राहिलाच. आखूड पायांचा, लांबट अंगाचा कुत्रा. स्वयंपाकघरात भिंतीवर उंच एक लाकडी चाक, खारीच्या पिंजऱ्यात असतं तसं, त्यात हा धावायचा, मग पट्टा फिरायचा आणि खाली चुलीवर सळईला लावलेलं मांस गोल गोल भाजलं जायचं. म्हणून नाव सळई-फिरव्या. या कुत्र्याचीही नोंद कीजसाहेबांनी केलीय, तेवढं श्रेय त्यांना देते. पुढे यंत्रं आली आणि ही जात संपली. वेल्समधल्या ॲबरगव्हेनीच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेला एक ठेवलाय काचेत, नाव व्हिस्की.