हौद आटतोय, गोल्डफिश कुठे नेऊ?

तुमचा प्रश्न असा आहे: अंगणातल्या हौदात आठ-दहा गोल्डफिश आहेत, पाणी वीतभर उरलंय, जवळच्या तलावात सोडले तर चालतील का?

नाही. मे महिन्यात तो तलावही आटतच असतो. आणि नसला तरी गोल्डफिश चिखल उकरून पाणी गढूळ करतात, दुसऱ्या माशांची अंडी खातात, आणि जगले तर फूटभर वाढतात. उजनी धरणात चिलापी या परक्या माशाने काय केलंय ते तिथल्या कुठल्याही मासेमाराला विचारा. विहिरीतही सोडू नका, डासांसाठी सोडलेल्या गप्पींची पिल्लं आधी संपतील. "सोडून दिले, पुण्य लागलं" ही आपल्याकडची समजूत मला अजिबात पटत नाही.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. २०१६ चा लातूरचा उन्हाळा मी अशाच माशांसोबत काढलाय. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते साल. आमचा हौद सहा बाय चारचा, वडिलांनी हौसेने बांधलेला, त्यात एकोणीस मासे. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणायच्या, "इथं घागरीसाठी भांडणं चाललीत अन् तुमच्याकडं माशांचे लाड." त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी मान खाली घालून आत जायचे.

एप्रिलच्या शेवटी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे नऊ मिलीग्रॅम, ३० ला साडेसात. शिवाय पाणी आटतं तशी माशांची घाण घट्ट होत जाते, आणि उन्हात अमोनिया जास्त जहाल होतो. थोडक्यात, पाणी तळाला जायच्या आधीच मासे मरतात.

तेव्हा दादा पुण्याहून आला. त्याचं म्हणणं, "उगीच बाऊ करतेस, मी नेतो." नऊ मासे रंगाच्या बादलीत घातले, झाकण घट्ट लावलं आणि भर दुपारी गाडी काढली. संध्याकाळी दुकानातून दोन फुटी काचेची टाकी आणली, नळाने भरली आणि मासे ओतले. दोन फुटी टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी. त्यात नऊ मोठे मासे! तिसऱ्या दिवशी एकही उरला नव्हता. फोनवर काय म्हणाला? "तुझे मासे आधीच आजारी होते." गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा विषय निघतो आणि वहिनी आम्हाला गप्प करते.

आजारी होते तर त्याच हौदातले माझे दहा कसे जगले? मी पाचशे लिटरची जुनी टाकी पडवीच्या सावलीत ठेवली, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि त्यात हौदातलंच वरचं निवळ पाणी भरलं. नवं पाणी एक तांब्याही नाही. हौदातले शेवाळलेले दगड आणि विटा उचलून आत टाकल्या. त्यावरचे जंतूच माशांची घाण पचवतात. कोऱ्या टाकीत ते तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, दादाच्या टाकीत ते असणार कुठून? दाणे दिवसाआड, तेही चिमूटभर. एक एअर पंप, आणि लाइट गेली की तांब्याने पाणी वरून ओतत बसायचं. चार दिवसांनी दोन बादल्या काढायच्या, त्या संडासात ओतायला कामी यायच्या, आणि टँकरच्या पाण्यातल्या दोन बादल्या क्लोरीन उडायला दोन दिवस उघड्या ठेवून मग घालायच्या. काकूंना हे सांगायचं राहूनच गेलं. माशांवर आमचं एक बादलीसुद्धा पाणी वाया गेलं नाही.

मेच्या मध्यावर औसा रोडच्या एका रोपवाटिकेवाल्याने कमळांच्या टाक्यांसाठी सात मासे घेतले. त्याचं स्वतःचं बोअर होतं. उरलेले तीन मत्स्यालयाच्या दुकानदाराने फुकट म्हटल्यावर लगेच ठेवून घेतले. तुम्हीही इथूनच सुरुवात करा: रोपवाटिका, हॉटेलचं कारंजं, ओळखीतलं अस्तर घातलेलं शेततळं, पण ज्याचं पाणी ओढ्यात जात नाही असंच. आदल्या दिवशी दाणे देऊ नका. पहाटे साडेपाचला काढा. दुकानातल्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. तिथे गेल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तिथलं पाणी थोडं थोडं आत घालत सोडा. ओतू नका.

एक सांगायचं राहिलं. टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, सढळ हाताने टाकलेलं असतं, वास आला तर दोन दिवसही पुरत नाहीत. दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, ते घाला. आणि मासे आत्ताच वर येऊन तोंड उघडत असतील तर घर शोधत बसू नका. आज संध्याकाळीच हौदाचं पाणी सावलीतल्या टबात घेऊन मासे हलवा, बाकीचं नंतर.

खरं म्हणजे माझाही एक मासा गेला होता, टाकीत हलवताना जाळीतून फरशीवर उसळला. त्यामुळे माझे अकरा होते आणि दादाचे आठ, की माझे दहा आणि त्याचे नऊ, यावरूनही आमचं भांडण आहे. आई म्हणते हौदात मुळात वीस होते.