रीतभात : आवतण, पंगत, दुखवट्याचं घर आणि पोळ्याचा बोजारा

रीतभातीबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

येत्या वैशाखात मुलीचं लग्न आहे. अर्ध्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली तर चालेल का? आणि गावात आवतण कसं द्यावं? मागच्या लग्नात काही घरचं कोणीच आलं नाही, काही घरचे सगळे आले, आणि भात कमी पडला.
— ता. आर्वी, जि. वर्धा

भात कमी पडला तो आवतणाच्या गोंधळामुळे. गावात आवतण दोन तऱ्हेचं असतं : 'घरटी एक' आणि 'चूलबंद'. घरटी एक म्हणजे घरामागे एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या वेळी त्या घरची चूल पेटणार नाही, लेकराबाळांसकट सगळे जेवायला येणार. पोराला सायकलवर पाठवलं आणि तो दारादारातून "उद्या जेवाले या" एवढंच ओरडत गेला, की ऐकणारा आपापल्या परीनं अर्थ लावतो. मानी माणूस घरीच राहतो, दुसरा सगळं घर घेऊन येतो. दोघांचंही चुकत नाही.

दोनशे घरं घरटी एक धरली तर दोनशे पानं, चूलबंद धरली तर घरामागे चार माणसं म्हणून आठशे. दहा पानांना किलोभर तांदूळ असा ढोबळ हिशोब केला, तर वीस किलो आणि ऐंशी किलो एवढा फरक या एका शब्दानं पडतो. म्हणून आवतण द्यायला घरचं जाणतं माणूस पाठवा. त्यानं उंबऱ्याशी थांबून, घरातल्या बाईमाणसाला समोर बोलावून चार गोष्टी सांगाव्यात : कोणाकडे, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि घरटी की चूलबंद. सगळ्या गावाला एकच तऱ्हा ठेवा. एका ओळीला चूलबंद आणि मागच्या ओळीला घरटी एक दिलं, तर ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

पत्रिकेचं म्हणाल तर पहिली कुलदैवताला आणि मग मुलीच्या मामाला. मामा, आत्या, काका, व्याही, जावई यांच्या घरी कुंकू लावलेली पत्रिका हातात द्यावी, तीही किमान तीन आठवडे आधी. वैशाखातलं ऊन लक्षात घेऊन सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर जा. भर दुपारी गेलात तर त्या घराला झोपमोड करून तुमचं पाहुणपण करावं लागतं. दूरचे मित्र, नोकरीतले सोबती यांना व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण ग्रुपवर टाकलेल्या पत्रिकेनं कोणालाच बोलावल्यासारखं वाटत नाही. ज्याला त्याला वेगळी पाठवा, वर नाव लिहा, 'सहपरिवार' की एकटे ते लिहा, आणि दोन दिवसांत फोन करा. ज्या घरी नुकतीच मयत झाली आहे तिथे मात्र स्वतः जा, पत्रिका ठेवा, आणि "यायलाच पाहिजे" असा हट्ट धरू नका.

पंगतीत नको नको म्हणत असताना वाढपी पानात टाकतात. टाकून उठलं तर वाईट दिसतं, खाल्लं तर पोट बिघडतं. काय करावं?
— ता. मोर्शी, जि. अमरावती

नाही म्हणायची वेळ साधायला हवी. वाढपी शेजारच्या पानावर असतानाच हात पानावर आडवा धरा. पळी कलली की मग हात घालू नका, गरम वरण हातावर सांडतं. जे लागेल ते सुरुवातीला थोडंच घ्या आणि नंतर मागा. बुंदी, पोळी, वडे यांचं "अर्धाच द्या" म्हणणं कोणाला लागत नाही. पान पहिल्या फेरीतच भरून घेतलं, तर आग्रह करणाऱ्याला जागा आणि तुम्हाला सबब उरत नाही.

वाढणाऱ्यांसाठीही सांगतो. आग्रह एकदाच करावा, आणि तोही तोंडानं. पन्नास पानांच्या पंगतीला पाच-सहा वाढपी हवेत : एक भाताला, एक वरणाला, एक भाजीला, एक पोळीला, एक पाण्याला, आणि मीठ-लिंबू-चटणी फिरवायला एखादं हुशार पोरगं. वाढपी कमी असले की पहिल्या टोकाचं जेवण संपतं तरी दुसऱ्या टोकाला वरण पोचत नाही, आणि मग घाईत एकेका पानात दुप्पट पडतं. टाकलेलं अन्न बहुतेक वेळा असंच होतं. पाण्याचा जग ग्लासाला टेकवू नका. जेवणाऱ्याच्या पाठीशी जागा धरून उभं राहणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. म्हाताऱ्या माणसाचा घास त्यानं अडकतो. पुढच्या पंगतीच्या लोकांना तोवर मांडवाबाहेर बसवावं.

बाजूचा म्हातारा अजून जेवत असेल तर तुमचं झालं तरी बसून राहा. आणि पत्रावळी उचलायला लाजू नका. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात या कामात कमीपणा कसला?

आमच्या गावात एका शेतकऱ्यानं जीव दिला. नात्यातला नाही, पण ओळखीचा होता. भेटायला जायचं आहे, पण तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटतं. काय बोलावं, काय न्यावं?
— ता. दारव्हा, जि. यवतमाळ

जा. शब्द फुटला नाही तरी चालेल. माणूस येऊन बसला, हे घरच्यांना पुरतं.

काय बोलू नये ते आधी बघू. कसं केलं, कधी सापडला, किती कर्ज होतं, घरात भांडण झालं होतं का, हे काहीही विचारू नका. पोलिसांनी, तलाठ्यानं, पत्रकारांनी ते आधीच विचारलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या बायकोला तेच पुन्हा जगावं लागतं. "लेकरांचा तरी विचार करायचा होता" हे वाक्य तर कोणाच्याच तोंडून निघू नये. "घरच्यांना आधी कळलं कसं नाही" हेही नाही. "फार वाईट झालं, आम्ही आहो" एवढं म्हणून गप्प बसा. ती बोलू लागली तर ऐका. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन चांगली आठवण सांगितली, बैल कसे राखायचे, कोणाच्या अडचणीला कसे धावायचे, तर घरच्यांना बरं वाटतं. अशा मरणानंतर त्या माणसाबद्दल चांगलं बोलायला लोक कचरतात.

सकाळी आठ ते अकरा किंवा संध्याकाळी जा, जेवणाच्या वेळी नाही. पंधरा-वीस मिनिटं बसा. चहाची वाट पाहू नका, आणला तर दोन घोट घ्या. निघताना "येतो" म्हणायची पद्धत नाही, तसंच उठावं. घरचं कोणी दारापर्यंत सोडायला येईल अशी अपेक्षा धरू नका.

नेण्यासारखं म्हणजे दूध, साखर, चहापत्ती, तुरीची डाळ, कणीक. तेरा दिवस त्या घरी माणसांची रीघ असते आणि घरात पैसा नसतो. पहिले दोन दिवस शेजारच्या घरांनी पाळी लावून बेसन-भाकर पोचवावी. पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून एकट्यात द्यावे, चार लोकांसमोर नाही.

कागदाचं काम कोणीतरी एकानं हाती घ्यावं, कारण घरातलं कोणी त्या मन:स्थितीत नसतं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. पात्र ठरलेल्या कुटुंबाला सरकारकडून १ लाख रुपये मदत मिळते. पात्र की अपात्र हे जिल्ह्याच्या समितीत ठरतं, म्हणून शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेच्या आणि सावकाराच्या कर्जाचे कागद एका पिशवीत नीट ठेवा आणि तहसीलला जाताना सोबत जा.

तेरवी मोठी झाली पाहिजे असा दबाव भाऊबंदांनी आणू नये. कर्जापायी गेलेल्या माणसाची तेरवी कर्ज काढून करायला लावणं, यापरतं निर्दयीपण नाही. बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं यालाही तिथल्या जाणत्या बायांनी हात आडवा घालावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा.

खरी गरज तेरवीनंतर लागते, तेव्हा रीघ थांबलेली असते. "काही लागलं तर सांगा" म्हटल्यानं कोणी सांगत नाही. "बुधवारी आमची डवऱ्याची (कोळपणीची) बैलजोडी रिकामी आहे, तुमच्या वावरात पाठवतो" असं दिवस धरून सांगा. घरातल्या कोणाचं बोलणं "आता जगून काय करू" असं येऊ लागलं, तर एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फोन मोफत लागतो, मराठीत बोलता येतं. तो लिहून भिंतीला लावून द्या.

शेतात मजुरांना चहा द्यायला सासूबाईंनी वेगळे कप ठेवले आहेत. मला पटत नाही, पण त्यांना उलटून कसं बोलू?
— ता. मूल, जि. चंद्रपूर

ही रीत मोडायलाच हवी. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद झाली आणि १९५५ च्या कायद्यानं ती पाळणं हा गुन्हा ठरला. पण मजुरांसमोर सासूबाईंना बोलू नका. त्यांचा अपमान होईल आणि मजुरांनाही अवघडल्यासारखं होईल. एकसारखे दोन डझन स्टीलचे ग्लास आणा, जुने वेगळे कप घरातून काढून टाका. घरच्यांचा आणि मजुरांचा चहा एकाच ट्रेमध्ये न्या आणि तुम्ही स्वतः त्यातलाच ग्लास उचला. सगळे ग्लास एकाच घमेल्यात धुवा. सासूबाईंनी विचारलंच तर स्वयंपाकघरात, दोघीच असताना सांगा : "आई, कप वेगळे ठेवणं मला पटत नाही. आता यापुढे सगळ्यांना एकच."

कागदी कप ही पळवाट आहे. घरचे स्टीलच्या ग्लासात आणि मजूर कागदी कपात, हे जुनंच चाललं. पाणीही ओंजळीत वरून ओतू नका, भरलेला ग्लास हातात द्या. वयानं मोठ्या मजुराला 'काकाजी', 'मामा', बाईला 'मावशी' म्हणून हाक मारा, नुसत्या नावानं नाही.

नोकरीमुळे पुण्यात असतो. यंदा पोळ्याला गावी असेन. बोजारा किती द्यायचा, कोणाला द्यायचा?
— मूळ ता. साकोली, जि. भंडारा

बोजारा म्हणजे पोळ्याला बैल दाराशी आणणाऱ्याला द्यायचा पैसा. जो बैल घेऊन येतो, त्याच्याच हातात तो द्यावा. तो गडी असला तर तो पैसा त्याचाच, मालकाच्या हाती देऊ नका. सगळ्यांना एकच रक्कम द्या, गावात चालू असेल तेवढी. पुण्याच्या पगाराचा दिमाख दाखवून पाचशेची नोट काढलीत, तर शेजारी वीस देणाऱ्याची मान खाली जाते. सुटे आदल्या दिवशीच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं येतील, त्यांनाही सारखाच.

बैलाला मागून हात लावू नका, गड्याला विचारून पुढून जा. खुरांवर पाणी, कपाळाला हळद-कुंकू, ओवाळणं, मग घास. आणि घास लहान ठेवा, पुरणपोळीचा चतकोर. बैल पन्नास दारं फिरतो. प्रत्येक दारात अख्खी पोळी मिळाली तर एवढी कणीक आणि गूळ पोटात आंबतो, पोट फुगतं आणि रात्री जनावरांचा डॉक्टर शोधावा लागतो. फटाके बैल घरी बांधून झाल्यावरच लावा.