स्पेनच्या यादवी युद्धात कॅनडाचे लोक स्वखुशीने का लढले?

बहुतेक जण मंदीत होरपळलेले बेकार कामगार आणि युरोपातून आलेले स्थलांतरित होते. लष्करी बंड करून स्पेनची सत्ता बळकावू पाहणाऱ्या फॅसिस्टधार्जिण्या जनरल फ्रँकोला स्पेनमध्येच रोखायचं, ही त्यांची तळमळ. १९३७ मध्ये कॅनडाने अशा भरतीवर कायद्याने बंदी घातली, तरी एकूण दीड हजारांच्या आसपास लोक गेलेच. फ्रान्समधून रात्रीच्या अंधारात, दोरीच्या तळाचे जोडे घालून पिरेनीज पर्वत ओलांडायचा! त्यांच्या तुकडीचं नाव मॅकेंझी-पापिनो बटालियन. शेकडो परतलेच नाहीत. परतलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जाही मिळाला नाही, हा मला उघड अन्याय वाटतो.

कॅनडाचेच शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी माद्रिदहून रक्ताच्या बाटल्या गाडीने थेट आघाडीवर पोचवल्या. १९३९ मध्ये ते चीनमध्ये वारले. तिथल्या त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पुढे प्रमुख झाले ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.