बागेचा खर्च परवडेल, जुलैचा हप्ता नाही

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र समोर आहे. त्यांचं वय ६१, पत्नीचं ५८. मुंबईत खासगी कंपनीत नोकरी केली, डोंबिवलीची जागा विकली आणि गावी वडिलोपार्जित १२ गुंठ्यांत चिऱ्याचं घर बांधलं. पाडव्याला गृहप्रवेश झाला. आता परड्यात आवडीची झाडं लावायची आहेत. एका नर्सरीवाल्याने पावणेदोन लाखांचा अंदाज दिलाय. मिरगाच्या आधी खड्डे व्हायला हवेत, तर एक एफडी मोडू की पुढच्या पावसापर्यंत थांबू, असा त्यांचा प्रश्न आहे.

जमाखर्चही त्यांनी नीट लिहिलाय. घर होऊन एफडीत ३२ लाख आणि बचत खात्यात ३ लाख उरले. पीएफची पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये. खर्च महिन्याला ३२ हजार, त्यातले सात हजार मुंबईच्या फेऱ्यांचे. आणि पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: ‘जुलैत पॉलिसीचा ५ लाखांचा दुसरा हप्ता आहे, तो सोडला तर कुणाचं काही देणं नाही.’

ही ओळ वाचून मी त्यांच्याकडून पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. फोटोत पानावर चष्मा ठेवलाय, आणि त्याच्या काडीखाली ‘ॲन्युअल’ हा शब्द अर्धा झाकला गेलाय. त्याखालची ओळ मात्र स्पष्ट दिसते: प्रीमियम पेइंग टर्म, म्हणजे हप्ते भरायची मुदत, १० वर्षं.

काका, बागेकडे येतोच. आधी हे पान पाहू.

दरवर्षी ५ लाख, दहा वर्षं, म्हणजे एकूण ५० लाख. तुमच्याकडे सगळे मिळून ३५ आहेत. ज्या माणसाकडे ५० लाख नाहीत आणि कुठून येण्याची शक्यताही नाही, त्याच्या गळ्यात ५० लाखांची पॉलिसी मारली गेली. पॉलिसी विकताना बँकेतल्या बाईंनी तुम्हाला सांगितलं, ‘पाच लाख भरा, नंतर वर्षाला नऊ लाख मिळतील, आणि वाटलं तर हप्ता थांबवता येतो.’ निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झालेला ग्राहक समोर बसलाय, हे पाहून बोललेलं हे वाक्य आहे. मला याचा मनापासून राग येतो, कारण हेच वाक्य मी चिपळूण-रत्नागिरीकडच्या किती घरांत ऐकलंय त्याची गणती नाही.

हप्ते भरत राहिलात तर काय होईल? येत्या जुलैत ५ लाख गेले की ३० उरतात. त्यावर सात टक्क्यांनी दोन लाखांच्या आसपास व्याज, आणि पेन्शन वजा जाता घरखर्च साडेतीन लाख. वर्ष संपताना साडेअठ्ठावीस राहिले. पुढच्या वर्षाअखेर बावीसच्या आत, मग साडेचौदा, मग सात. त्यानंतरचा हप्ता भरला की घरात दोन लाखही उरत नाहीत. बाग न लावता आणि महागाई शून्य धरून हा हिशेब आहे. वयाच्या पासष्टीत तुम्ही सहा हप्ते भरलेले असाल, चार बाकी असतील, आणि खात्यात काहीच नसेल.

समजा कुठून तरी सगळे हप्ते भरलेच. वयाच्या बहात्तरीपासून दहा वर्षं नऊ-नऊ लाख येणार. नव्वद लाख ऐकायला मोठे वाटतात. पण पैसे आधी बारा वर्षं अडकलेत हे धरलं तर परतावा पडतो जेमतेम पाच टक्के. त्यापेक्षा जास्त तर तुमची एफडीच देतेय. अशा पॉलिसीवर ‘वर्षाला १८ टक्के हमी’ हे गणित जो मांडतो, त्याने नऊला पन्नासने भागलं आणि मधली वर्षं खाऊन टाकली.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. पहिले पाच लाख वाया जातील म्हणून जीव तुटतोय हे मला समजतं. पण सगळे पाच लाख बुडाले तरी तुमच्याकडे ३५ लाख राहतात. ते पाच वाचवायला आणखी ४५ घालायचे, हे तुमच्या परिस्थितीत होण्यासारखंच नाही.

आता काय करायचं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची संमती तुमच्याकडून पहिल्याच दिवशी घेतलेली असणार. बँकेत जाऊन ती लेखी रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. तोंडी ‘करतो काका’ यावर परत येऊ नका. हे काम याच आठवड्यात, कारण जुलैत पैसे कापले गेले तर परत मिळवणं फार अवघड.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करायची मुभा असते, ती मुदत तुमची उलटून गेली. पण तक्रारीचा रस्ता आहे. विमा कंपनीकडून तुमच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. त्यात व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न या रकान्यांत काय भरलंय ते बघा. निवृत्त माणसाला ‘व्यावसायिक’ आणि उत्पन्न पंधरा-वीस लाख असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. सही आपली असते, अक्षर दुसऱ्याचं. तसं असेल तर तोच तुमचा पुरावा. पॉलिसी चुकीचं सांगून विकली, मूळ रक्कम परत द्या, अशी लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. हप्त्याच्या तारखेनंतरही ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे ‘आज भरलं नाही तर सगळं गेलं’ असा फोन आला तरी घाबरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा पॉलिसीत पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळतं. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. नेमके किती मिळतील तो आकडाही कंपनीकडून लेखी घ्या. तक्रार फसली तर तो उपयोगी पडेल.

उरलेल्या ३५ लाखांचं काम सोपं आहे. एफडी जसजशा मुदत भरतील तसतशा पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवा. मर्यादा ३० लाख, सध्या व्याज ८.२ टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये. काकूंचं नाव जोडखातेदार म्हणून लावा. त्यात पेन्शन आणि बाकीच्या पाच लाखांवरचं थोडं व्याज मिळवलं की वर्षाला तीन लाखांच्या वर जातं. खर्च आहे पावणेचार-चार. महिन्याला सहाएक हजारांची तूट राहते, आणि मुंबईच्या फेऱ्या तिमाहीला एक केल्यात तर बरीचशी भरून निघेल. पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही; कंपनीचा होता तो नोकरीबरोबर संपला असणार. पॉलिसीचा हप्ता वाचतोय त्यातला थोडा तिकडे जायला हवा.

आता बाग.

नर्सरीवाल्याचा अंदाज मी ओळीओळीने वाचला. हिरवळीची लॉन ५५ हजार, मोठे वाढवलेले पाम ४२ हजार, फरसबंद वाट आणि दिवे ३८ हजार, हापूसची ४० कलमं २६ हजार. आणि काकूंनी स्वतः लिहून दिलेली यादी, सोनचाफा, बकुळ, प्राजक्त, अनंत, मोगरा, अबोली, सुरंगी, कोकम, ती फक्त १४ हजारांची. म्हणजे ज्यासाठी बाग करायची, ते पावणेदोन लाखांतले आठ टक्के.

लॉन काढून टाका. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. ती हिरवळ पावसात कापत बसायची आणि उन्हाळ्यात टँकरने जगवायची. पामही नकोत.

४० हापूस कलमांमागे ‘पाचव्या वर्षापासून दोन लाख’ ही आशा आहे, हे तुम्ही लिहिलंय. पारंपरिक लागवडीत दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका कलमाला एक गुंठा. घर, विहीर, अंगण सोडून तुमच्याकडे सात-आठ गुंठे आहेत. त्यात ४० कलमं दाटीवाटीने कोंबली तर एकमेकांचं ऊन खातील. शिवाय पाच-सहा वर्षांनी धरतात ते घरचे आंबे. पेट्या भराव्यात इतकं यायला दहा वर्षं लागतात, आणि हापूस एक वर्षाआड दगा देतो. फवारणी, राखण, वानरं वेगळीच. चार कलमं लावा, नातवंडांसाठी. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहा.

काकूंची यादी मात्र यंदाच लावा, थांबू नका. मोठ्या पिशवीतलं आठ फुटी झाड महाग पडतं, आणि कातळात लहान रोपासारखं जीव धरत नाही. सोनचाफा कलमी घ्या, वर्षा-दोन वर्षांत फुलतो. कोकमही कलमीच, बियांच्या रोपांत निम्मी नर निघू शकतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमं खात्रीची मिळतात. प्राजक्त, अनंत, मोगरा, अबोली विकत घेऊ नका. पहिल्या पावसात शेजारच्या परड्यातून फांद्या आणि रोपं मागून आणा, वाडीत कुणी नाही म्हणणार नाही. सुरंगीला फुलं यायला फार वर्षं लागतात, म्हणून ती सर्वांत आधी लावा. माड आणि आंबा घराच्या छपरापासून लांब ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत घरांवर काय पडलं होतं ते तुम्हाला आठवत असेल.

रोपांपेक्षा खरा खर्च जांभ्याच्या कातळात खड्डे फोडण्याचा आणि पाण्याचा. खड्डे, त्यात भरायची माती आणि शेणखत मिळून बारा हजार. टाकी आणि पाइप दहा हजार. रोपं आठ हजारांच्या आत. तीस हजारांत बाग होते. ते बचत खात्यातून काढा, एफडी मोडू नका.

बँकेतली संमती रद्द केल्याच्या अर्जाची शिक्क्याची प्रत मला पाठवा, आणि प्रपोजल फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही कळवा. तक्रारीचा मसुदा मी करून देतो.